धाकटं पातेलं

बावीस तारखेला सकाळी
एर्मेलिंदा खुर्चीतून म्हणाली, "दोनच तुकडे भिजव."
उजवा हात तिच्या मांडीवर,
जूनपासून तिथेच, निजलेल्या मांजरासारखा.
आता तिची जीभ आणि माझे हात
मिळून एक बाई होते.
स्वयंपाक ती करते.

दोन तुकडे!
अठ्ठावीस वर्षं मी न्यूफाउंडलंडच्या धुक्यात
हाच कॉड गळाने ओढला, चिरला,
मिठात थरावर थर रचला.
पण शिरलेलं मीठ काढायचं कसं
ते बोटीवर कुणी शिकवत नाही.
भरणं पुरुषांचं, उतरवणं बायकांचं,
ईल्यावूत सगळे असंच धरून चालतात.
"सहा-सहा तासांनी पाणी बदल.
रात्री गजर लाव.
आणि चाखून बघ, समुद्र लागला तर अजून थांब."

अदेलिनो अर्धा मासा विकत नाही.
आख्खा घेतला, फळीसारखा कडक,
बगलेत धरून पुलावर आलो
तर वाऱ्यानं त्याचं शीड केलं,
म्हातारा तीन पावलं फुकट पुढे.

मग यादी.
बटाटे चार. पूर्वी पोतं यायचं.
कोबी एक, बाहेरची पानं टाकू नकोस.
अंडी दोन. नाही, तीन घे, तुझ्या हातून एक फुटतंच.
तेल?
"तेलात हात आखडू नकोस,
तेल काही माणसं मोजत नाही."
रुईचं बाळ अकरा दिवसांचं, लक्झेंबर्गात बर्फ.
ग्रासिन्दाची यंदा सासरची पाळी.
हे यादीत नव्हतं,
पण अंड्यांच्या खाली तिनं तेवढा वेळ घेतला.

मोठं पातेलं काढलं, अकरा माणसांचं.
तालीम म्हणून तळाशी दोन तुकडे ठेवून पाहिले,
ओहोटीच्या बंदरात दोन होड्या राहाव्यात तसे.
ती बघत राहिली.
"हे नको," म्हणाली. "यात आपण दिसतो.
सेलेश्तीकडे धाकटं आहे. जा."

ताकाला जाऊन भांडं लपवणारे असतात,
मी तर भांड्यालाच गेलो,
तरी लपवलंच काहीतरी.
"मोठ्याचा कान तुटलाय," म्हटलं.
तिनं धाकटं पातेलं फडक्यानं पुसलं, दोनदा,
पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.
"परत कधी?"
"पंचवीसला, सकाळी सकाळी."
"मग चोवीसला मी कशात करू?"

मी उंबऱ्यावर.
एकटं माणूसही चूल पेटवतं
हे साठ पावलांवर राहून
मला सुचलंच नव्हतं.
तिचा दुआर्ते माझ्याच बोटीवर होता.
मीठ तो माझ्यापेक्षा बरं भरायचा.

घरी आलो, पातेलं हातात, कान लाल.
एर्मेलिंदा तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसली.
"भांडं आणलंस, बाई विसरलास?"
पुन्हा साठ पावलं.
सेलेश्ती म्हणाली, बघते.
मग म्हणाली, येताना गोड भात आणीन,
मग म्हणाली, पण कशात करू, पातेलं तर तुझ्याकडे,
मग पुन्हा साठ पावलं, पातेलं परत.

आता तीन तुकडे मोठ्यातच.
अजून जरा सैल वाटतात,
पण एर्मेलिंदा म्हणते, बटाटे वाढव,
बटाट्यांना कोण विचारतं कुठले म्हणून.
कान तुटल्याची थाप तेवढी उरली आहे,
ती चोवीसला सेलेश्तीच्या डोळ्यांसमोर
दोन्ही कानांनी धरून टेबलावर ठेवावी लागेल.

रात्री तीनला गजर.
फरशी गार, नळ त्याहून गार.
पाणी ओतलं, नवं भरलं,
कडेचा एक धागा सोलून जिभेवर ठेवला.
आतून तिचा आवाज, जागाच:
"काय लागतं?"
"थांबावं लागतं," मी म्हटलं.